रिपोर्ट तर नॉर्मल आहे

ओल्या कपड्यांची बादली घेऊन सून गच्चीकडे निघाली आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर खाली बसली. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. खालून सासूबाई म्हणाल्या, "बसलीस पुन्हा? रिपोर्ट नॉर्मल आलाय ना?"

आला होता, खोटं कशाला बोला. आधी धावत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचे फोटो काढले, तेव्हा एका भागात रक्त कमी पोचताना दिसलं. मग अँजिओग्राफी झाली, तर रक्तवाहिन्या मोकळ्या. घराला हायसं वाटलं आणि त्या आनंदात तिच्या गोळ्या बंद झाल्या. पहिला फोटो चुकला असणार, असं ठरलं. ठरवलं कुणी? नवऱ्यानं. तो नळजोडणीची कामं करतो.

याच नवऱ्याच्या छातीत मागे दुखलं, तेव्हाचा थाट काय सांगावा! ब्लॉक सापडला, स्टेंट बसला आणि साहेबांना पाण्याचा पेलाही हातात मिळू लागला. बायकोचं दुखणं मात्र मनाचे खेळ. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे एका छपराखालीही चालतं बरं का.

तिला आता राग येणंही बंद झालं होतं. दुखलं की बसायची, थांबलं की उठायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "काही नाही."

त्या दिवशी दुखणं थांबेना. बादली तिथेच राहिली आणि मायलेक तिला दवाखान्यात घेऊन गेले. औषधानं कळ ओसरली. तिथल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"नळ्या साफ आहेत ना पण?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही काय काम करता?"

"प्लंबिंग."

"मुख्य पाइप मोकळा, तरी एखाद्या घरात पाणी येत नाही, असं होतं कधी?"

"रोजचंच आहे. आतल्या बारीक लाइनीत..." तो बोलता बोलता थांबला.

"अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या दिसतात, बारीक दिसत नाहीत. पट्ट्यावर चालवून काढलेला स्कॅन कधीकधी चुकतोही. पण या सांगतात तेच स्कॅनही सांगतोय. बारीक वाहिन्यांची वेगळी तपासणी करू. गोळ्या आजपासून चालू. यांना दुखतं ते खरं आहे."

सून भिंतीकडे बघत होती. हे ऐकून रडू यायला हवं, असं तिला वाटलं. आलं नाही.

"जिना चढताना जबड्यापर्यंत कळ येते, बसलं की थांबते," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तेच का हे?"

"हो. सुनेनं सांगितलं तुम्हाला?"

"नाही. माझं सांगतेय."

"कधीपासून?"

"हा शाळेत होता तेव्हापासून. तेव्हाही काही सापडलं नाही. मग मला वाटलं, बायकांना दुखतच असणार."

नवरा आईकडे बघतच राहिला.

घरी परतल्यावर त्यानं बादली उचलली आणि गच्चीवर नेली. त्याच वळणावर सासूबाई बसल्या. सून शेजारी टेकली.

"दुखतंय?"

"काही नाही."

हे दोन शब्द तुमच्याही घरात रोज कुणीतरी म्हणत असेल. तुम्हीही ते ऐकून पुढे गेला असाल.

सून पुढे गेली नाही. "उद्या तुम्हाला घेऊन जाते," ती म्हणाली. "आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तरी परत जाऊ."