शांत झालेली सून

त्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक सदरा परत घेऊन आलं आणि तो आखूड शिवला म्हणून शिंप्याशी हुज्जत घालू लागलं. मागे बसून काजं करणारी शिंप्याची बायको फणकाऱ्याने म्हणाली, की सदरा होता तेवढाच आहे, जरा पोट बघा. गिऱ्हाईक कायमचं तुटलं.

तिच्या तोंडाची घरात आधीच चर्चा होती. लग्न होऊन आली तेव्हा हसतमुख होती. आता मात्र बोलता बोलता भडकायची आणि मग रडत बसायची. दोघांचं जेवून वाळत चालली होती. हात इतके थरथरत की सुई बोटात शिरे. छाती धडधडे, पंख्याखाली घाम फुटे. डोळे मोठे दिसू लागले, तर सासू म्हणाली, सूनबाई माझ्यावर डोळे वटारते.

शेवटी नवऱ्याने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तेही तिच्या छातीसाठी नव्हे, दुकानासाठी. रक्त तपासल्यावर कळलं की गळ्यातली थायरॉईड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करते आहे, त्यामुळे सगळं शरीर भरधाव सुटलं आहे. डॉक्टरीणबाईंनी ग्रंथीला आवर घालणारी गोळी दिली आणि बजावलं, की दीड महिन्याने रक्त तपासायला आणा, गोळी त्याप्रमाणे कमी करायची आहे. हे सगळं त्यांनी नवऱ्याला सांगितलं, कारण बायकोला बाहेर बाकावर बसवून तो एकटाच आत गेला होता. बाईचं दुखणं दुसऱ्यानेच सांगायचं आणि दुसऱ्यानेच समजून घ्यायचं, ही रीत कितीतरी घरांत चालते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

गोळी लागू पडली. धडधड थांबली, हात स्थिर झाले, काजं पुन्हा सरळ येऊ लागली. भांडणंही थांबली. सासू शेजारणींना कौतुकाने सांगू लागली, की सून कशी गायीसारखी गरीब झाली आहे. दीड महिना झाला तेव्हा चिठ्ठीवरची तारीख वाचून बायकोने तपासणीची आठवण करून दिली. नवरा म्हणाला, चांगली बरी आहेस की, कशाला उगाच. रिकामं पाकीट औषधवाल्याला दाखवून तो तीच गोळी तेवढीच आणत राहिला.

ग्रंथी ताळ्यावर आली होती, आणि तरीही तिला रोज खाली दाबणं चालू होतं. हळूहळू ती पार मंदावली. बाईचं अंग भरलं, चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. सगळे पातळ कपड्यांत वावरत असताना ती स्वेटर घालून बसे. कंगव्यात केसांचे पुंजके येत, आणि काज करता करता तिचा डोळा लागे. सासू म्हणे, सुख मानवलंय. मला तर हे ऐकून आजही संताप येतो.

नणंद चपलांच्या दुकानात कामाला होती. वहिनीसाठी तिने नवा जोड आणला, नेहमीच्या मापाचा, तर पाय आत जाईना. तिने भावाला विचारलं, दादा, हिचे पाय का सुजलेत? तो म्हणाला, घरात जरा शांतता आहे, ती बिघडवू नकोस. नणंदही गप्प बसली. खरं सांगायचं तर ती शांतता तिलाही बरी वाटत होती.

थंडीतल्या एका सकाळी वहिनी उठलीच नाही. नणंदेने हात लावला तर अंग गार पडलेलं, श्वास अगदी संथ. हाका मारल्या तेव्हा डोळे अर्धवट उघडून परत मिटले. सासू म्हणाली, झोप झाली की उठेल. नणंदेने कुणालाही न विचारता गाडी बोलावली.

इस्पितळात बरेच दिवस तिच्या जिवाची शाश्वती नव्हती. ती वाचली. ती बोलू लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्याच खाटेशी नवऱ्याला उभं करून सगळं समजावलं: जुनी गोळी बंद, सध्या उलट कामाची गोळी, हा आजार पुन्हा उसळू शकतो किंवा ग्रंथी आपोआपही मंद पडू शकते, म्हणून तपासणी जन्मभर.

नवऱ्याने मान डोलावली. मग घसा खाकरून म्हणाला, "बाई, ती जुनी गोळी अगदी थोडीशी चालू ठेवता येईल का? म्हणजे पहिल्यासारखी भांडकुदळ नको व्हायला."

नणंद भिंतीकडे तोंड करून रडू लागली. बायकोने मात्र मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तुम्हाला मी बरी झालेली नको होते. गप्प झालेली हवी होते. मी इथून आईकडे जाणार. तपासणीला माझी मी येईन. अंगात भांडायची ताकद आली, की आधी तुमच्याशीच भांडायला येईन."

इस्पितळातून सुटल्यावर ती आईकडे गेली. नणंदेने तिची पिशवी उचलली आणि बरोबर निघाली. शिंपी अजूनही लोकांना सांगतो, की औषधं बदलल्यापासून बायको बिघडली. ऐकणारे माना डोलावतात. त्यांच्याही घरी कुणीतरी हल्ली फार शांत झालेलं असतं, आणि तिला काय होतंय हे विचारायचं त्यांच्या मनातही येत नाही.