चिमूटभर कुंकू आणि माझं लाल बटण

मित्रांनो, मी एक बंद पडलेला गेमचा डबा आहे. जुना म्हणावं तर माझं वय अवघं सहा वर्षं, पण थकवा साठीचा आहे. मला टीव्हीला जोडायचं, हातात रिमोट धरायचा आणि खेळायचं, एवढंच माझं काम. तेही मला कधी धड जमलं नाही.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये माझी जोडणी झाली. खोक्यावर माझं नाव छापलं होतं 'तुफान'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! मी सुरू व्हायलाच चार मिनिटं घ्यायचो. खोक्यावर नऊशे नव्व्याण्णव खेळ लिहिले होते, आत होते नऊ. पंखा बसवायचा खर्च वाचावा म्हणून माझ्या डोक्यावरच भोकं पाडली होती, आणि तरीही मी तव्यासारखा तापायचो. लक्षात काही राहायचं नाही. वीज गेली की खेळ पुन्हा पहिल्यापासून. आणि रिमोटचं ते लाल बटण! त्यातली स्प्रिंग इतकी कडक की दाबताना अंगठा दुखायचा. दीड वर्षात कंपनीला टाळं लागलं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

मानपाड्याच्या कमलेशने मला त्याच्या मुलासाठी, हर्षितसाठी आणलं. हर्षितने मला आठ दिवस सहन केलं.

"पप्पा, हा काय डब्बा आणलाय? बटणच दबत नाही," तो म्हणाला आणि मोबाईलकडे वळला. मी कपाटावर गेलो. तिथे मी चार वर्षं धूळ खाल्ली. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं. चूक मला बनवणाऱ्यांची आणि बोलणी मला.

मग त्या घरातले आजोबा, गोपीनाथ, यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. तरुणपणी त्यांनी खाडीकाठच्या मिठागरात काम केलं होतं. त्यांचं तेव्हाचं लाकडी फावडं घरात अजून जपलेलं होतं. दरवर्षी दसऱ्याला ते फावडं, कोयता आणि घरातली सगळी हत्यारं मांडून तेच पूजा करायचे. त्या वर्षी पूजा कमलेशने केली. आजोबा खुर्चीत तोंड फिरवून बसले.

"जवर ह्या हातात कुंकवाची चिमूट येत नाय, तवर मना पूजेला बोलवू नका," ते म्हणाले.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीतून फेकून दिला. मग एक दिवस त्यांची नात कृतिका स्टुलावर चढली आणि मला खाली काढलं.

"आजोबा, हे बटण दाबलं की माणूस उडी मारतो. नाही दाबलं की खड्ड्यात पडतो."

"मना नाय जमायचं गो."

"मग पडू दे त्याला."

ते आजोबांना सहन होईना. अकरा दिवस तो माणूस पहिल्याच खड्ड्यात पडत राहिला. माझं कडक बटण आणि त्यांचा अंगठा, दोघेही हट्टी. बाराव्या दिवशी उडी बसली. महिन्याभरात आजोबा सहाव्या खड्ड्यापर्यंत पोचले आणि नेमकी वीज गेली. कृतिका रडकुंडीला आली.

आजोबा मात्र शांत होते. "मिठागरात अवकाळी पाऊस आला का महिन्याचं मीठ इरगलायचं. मंग काय, परत पयल्यापासनं," ते म्हणाले.

माझ्या विसराळूपणावर न चिडलेला तो पहिला माणूस. त्यांच्यासाठी मी तापलो, धापा टाकल्या, पण चालत राहिलो.

पुढच्या दसऱ्याला पाटावर फावडं, कोयता आणि कमलेशचं ड्रिल मशीन मांडलं होतं. आजोबांनी मलाही तिथे ठेवायला लावलं. माझा लाल दिवा शोभून दिसावा म्हणून कृतिकाने मला चालू केलं.

"बाबा, ते खेळणं आहे," कमलेश म्हणाला.

"ह्यानंच माजा हात चालवला. मंग हत्यार नाय तं काय?"

मित्रांनो, त्यांनी उजव्या हाताने फूल उचललं, ते पाण्यात बुडवून फावड्यावर, कोयत्यावर आणि माझ्यावर पाणी शिंपडलं. मग अंगठा आणि बोट जुळवून कुंकवाची चिमूट घेतली. ती आधी फावड्यावर वाहिली, मग माझ्यावर. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

पाणी डोक्यावरच्या भोकांतून आत गेलं होतं. पाठोपाठ कुंकू आलं. चर्र असा आवाज झाला आणि माझा दिवा विझला.

"बाबा, चालू मशीनवर पाणी?" कमलेशने कपाळावर हात मारला.

आजोबांनी रिमोट घेतला, लाल बटण एकदा पूर्ण दाबलं आणि थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "दमला आसंल. निजू दे त्याला."

आता मी फावड्याशेजारी फळीवर असतो. भोकांतलं कुंकू कोणी पुसलेलं नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं फसलेलं यंत्र असेल. ते भंगारात देण्याआधी ज्याला काहीच जमत नाही अशा माणसाच्या हातात एकदा देऊन बघा. आणि त्याचा उपयोग झाला, प्रेमाने पूजा करावीशी वाटली, तर जरूर करा. फक्त आधी प्लग काढा.