शहाण्णवचं झाड

ओळख करून द्यायला मला संकोच वाटत नाही. मी टेप. पण शिंप्याच्या गळ्यात लोंबणारा तो नव्हे हो! मी झाडांचा टेप. खोडाभोवती फिरवून मला ताणलं की माझी एक बाजू झाडाचा घेर सांगते आणि दुसरी जाडी, म्हणजे खोड आरपार किती भरेल ते. तेही न कापता! साध्या फुटपट्टीच्या बापाला हे जमायचं नाही.

कुठल्याशा कारखान्यात माझ्या दोन्ही अंगांवर आकडे छापले आणि मला शहाद्याच्या दुकानात आणून टाकलं. तिथे खिळ्यांच्या डब्यामागे दोन वर्षं धूळ खाल्ली. मग उमाकांत आला. हा झाडं मोजणारा माणूस. मला हातात घेऊन त्याच्या अहिराणीत म्हणाला, "हाऊ मस्त शे!" म्हणजे, हा मस्त आहे. तेव्हापासून मी त्याच्या पिशवीत आहे.

उमाकांत कामाला चोख. मोजायचं ते छातीच्या उंचीवर, त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभं राहून. जोडीला वही सांभाळणारी सोनम आणि मला खोडामागून फिरवून देणारा दिलवरसिंग.

गेल्या वर्षी आम्ही मोलगीकडच्या डोंगरात गेलो. रस्ता रुंद व्हायचा होता. ज्या झाडाचा घेर दोनशे सेंटीमीटरच्या वर, त्याला रस्ता वळसा घालणार. बाकीची तोडणार, म्हणून त्यांना लाल फुली. सकाळपासून चाळीस झाडं बिनचूक मोजली. नुसता रुबाब होता माझा!

एकेचाळिसावं मोहाचं झाड होतं. जुनं, उतारावर तिरकं उभं. दिलवरसिंगचा पाय घसरला, त्याने मला कसंबसं खोडामागून पुढे दिलं आणि मागच्या मागे मला पीळ पडला. घेराची बाजू आत गेली, जाडीची वर आली. उमाकांतने पाहिलं आणि सोनमला म्हणाला, "लिखी ले, शहाण्णव."

अरे देवा! आकडा खरा होता, पण तो जाडीचा. मला पिळातून सोडवा, असं ओरडावंसं वाटत होतं. पण टेपला तोंड कुठलं? दिलवरसिंगने लाल रंगाची फुली मारली.

तेवढ्यात खालच्या शेतातून एक म्हातारी धापा टाकत आली. कालीबाई. ती लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणते.

"साहेब, हे झाड तू मारतो? माझ्या सासूने याची फुलं वेचली, मी वेचते. फुली पूस."

"बाई, माझ्या हातात काय आहे? शहाण्णवच भरलं. टेप खोटं बोलत नाही."

"टेप मला माहीत नाय. माझे हात मला माहीत."

तिने दोन्ही हात पसरून झाडाला कवळ घातली, मिठीच मारली. हात निम्म्यावरच थांबले. मग सोनमकडे वळून म्हणाली, "ये पोरी, त्या बाजूने तू धर." सोनमने वही खाली ठेवली आणि गाल सालीला टेकवून हात पसरले. दोघींची बोटं जेमतेम एकमेकींना लागली.

कालीबाई तिचं मनगट धरून तिला शेजारच्या सागाकडे घेऊन गेली. तिथे एकटीनेच कवळ घातली. एका हाताने दुसरं कोपर धरता आलं.

"याचं काय लिहिलं?"

सोनमने वही उघडली. "एकशे दहा."

"माझ्या एकटीच्या हातात मावतो तो एकशे दहा. दोघींच्या हातात जेमतेम मावतो तो शहाण्णव?"

उमाकांतने मला पुन्हा मोहाभोवती धरलं. दिलवरसिंगने या वेळी खोडामागे हात फिरवत मला बोटांनी चाचपलं आणि पीळ सोडवला. तीनशे एक!

सोनमने शहाण्णव खोडला. उमाकांत कालीबाईसमोर जाऊन म्हणाला, "चुकलो, माय." ती लुगड्याच्या पदराने फुली पुसत बसली. निम्मा रंग निघाला, निम्मा अजून सालीवर आहे.

आता माझे पहिले चार आकडे झिजलेत, डबीचं झाकण सैल झालंय. तरी काम चोख करतो, गर्व आहे मला त्याचा. फक्त एक फरक पडला. मोठं झाड आलं की उमाकांत आधी स्वतः त्याला कवळ घालतो आणि मगच मला बाहेर काढतो. सुरुवातीला अपमान वाटला. आता नाही वाटत. तुम्हीही माझ्यासारखा कोणी हातात घेतलात तर तेवढं करा.

परवा जीपने त्याच रस्त्याने गेलो. मोहाजवळ गाडी हळू झाली. ड्रायव्हर करवादला, "हाई वळण कसाले टाकेल शे?"

उमाकांत खिडकीबाहेर बघत होता. झाडाखाली कालीबाई वाकून फुलं वेचत होती.

"कालीबाईना हातनं माप शे ते," तो म्हणाला.