चतुर्भुजाचं मौन

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नवी पेठेतले दुकानदार गल्ल्यावर पोरांना बसवून आले होते, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले यंत्रमागवाले पाळी बुडवून आले होते, माळशिरसकडून तर एक टेम्पो भरून आला होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर वरच्या मजल्यावरचं ऑपरेशन दिसत होतं. चार पोलादी हात रोग्याच्या पोटावर झुकलेले, त्यांचे चिमटे जणू आपले आपणच चाललेले. आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता, पण यंत्राच्या घुरघुरीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. आत कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

पडद्याखाली चौरंगावर शिवयोगी महाराज बसले होते. समोर फुलांनी झाकलेलं ठेंगणं मेज, नजर खाली, बोटं हवेत. आधी महाराजांचं बोट वळायचं, मग पडद्यावरचा चिमटा वळायचा. दर वेळी हॉलमधून हुंकार उठायचा.

"विष्णूला चार हात, यालाही चार," महाराज मधूनच सांगत. "हा चतुर्भुज आहे. संकल्प माझा, भुजा याच्या. आत कुणी शब्द काढला की मंत्राची तार तुटते. म्हणून आत मौन."

चतुर्भुजाला विजेचा प्लग लागतो आणि तो दुरुस्त करायला पुण्याहून इंजिनिअर येतो, हे कुणी विचारात घेत नव्हतं. पडद्याला हार घालायला रांग लागली होती.

वरच्या मजल्यावर डॉ. वैजयंती रोग्याच्या उशाशी बसली होती. भूल देणं हे तिचं काम. ते यंत्र स्वतःहून सुईसुद्धा उचलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खोलीच्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याआड सर्जन डॉ. दिग्विजय एका पेटीत डोकं खुपसून बसत. त्यांची बोटं हलली की ते चार हात हलत. पेटीत रोग्याचं पोट मोठं आणि स्वच्छ दिसे, पण खोलीतलं काहीच दिसत नसे. म्हणून तर अशा ऑपरेशनात प्रत्येक गोष्ट तोंडाने सांगायची असते आणि ऐकणाऱ्याने ती परत उच्चारायची असते. चिमटा लावला, लागला. कापू का, कापा. त्यावर रोग्याचा जीव अवलंबून असतो.

हे तिने दिग्विजयना महाराज आले त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते हसले होते. यंत्राला लोक घाबरत होते, खाटा रिकाम्या होत्या. महाराजांमुळे माणसं येताहेत, असं त्यांचं म्हणणं. खाली आवाज जातो, आपण हुकूम सोडताना ऐकू आलो तर सगळा प्रकारच उघडा पडेल. शिवाय आपली टीम इतकी मुरलेली आहे की शब्दांची गरजच काय? पटत नसेल तर दुसरीकडे बघा, हेही त्यांनी गोड आवाजात सांगितलं. वैजयंती गेली नाही. आपल्या जागी जो येईल तो एवढंही म्हणणार नाही, असं तिला वाटलं.

त्या दिवशीचा रोगी तिप्पण्णा. टॉवेलच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलेला, मूत्रपिंडात गाठ निघालेली. भूल देण्याआधी त्याने तिला हळूच विचारलं होतं, "बाई, मी झोपल्यावर माज्याकडं कोण बगणार?"

"मी," ती म्हणाली होती.

मूत्रपिंडाची रक्तवाहिनी कापायची वेळ आली. टेबलाशी मदतनीस सर्जन डॉ. फिरदोस उभी होती. कापण्याआधी वाहिनीला चाप लावायचा असतो, तो तिने लावला. पण चापाचं मागचं टोक अडकल्याचा झटका हाताला जाणवला नाही. ते टोक वाहिनीच्या मागे होतं, कॅमेऱ्यात दिसत नव्हतं. फिरदोसने हात वर केला. मौनात थांबण्याची खूण तीच ठरली होती. पेटीत डोकं घातलेल्या माणसाला ती दिसणार कशी, हे ठरवताना कुणाला सुचलं नव्हतं.

वैजयंतीला तो हात दिसला.

"थांबा," ती ओरडली. तोवर कात्री मिटली होती.

पुढे जे झालं त्याला गोंधळ हा शब्द अपुरा आहे. रक्त थांबवायला पोट उघडायला हवं होतं, आणि त्याआधी ते चार हात सोडवून बाजूला करायला हवे होते. कोणता हात कुणी सोडवायचा, हे ठरलेलं नव्हतं. ठरवायला बोलावं लागतं. एकमेकांच्या हाताला हात अडखळले. वैजयंती रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या चढवत राहिली. तिप्पण्णा टेबलावरच गेला. दिग्विजय हातमोजे काढून निघून गेले.

खाली महाराज उभे राहून सांगत होते, "आत कुणीतरी बोललं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. तार तुटली."

संध्याकाळच्या आत गावभर झालं की भूल देणाऱ्या बाईने मौन मोडलं आणि माणूस मारला.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने तिप्पण्णाच्या बायकोला, बजाबाईला, आणि मुलाला, अभिमन्यूला, हॉस्पिटलात बोलावलं. अभिमन्यू महाराजांचा भक्त. त्याने सगळा सोहळा मोबाइलवर टिपला होता. या भेटीच्या वेळी महाराज दुसऱ्या गावी पूजेला गेले होते आणि हॉल रिकामा होता. तिघांनी तो व्हिडिओ पाहिला. महाराजांची बोटं चालली आहेत. एकाएकी हात खाली पडतो, चेहरा पांढराफटक. पडद्यावर मात्र अजून सगळं शांत. मग पडदा लाल होतो, मग "थांबा" ऐकू येतं.

"मी ओरडल्याचं ऐकू येण्याआधीच त्यांना कसं कळलं?" वैजयंतीने विचारलं.

तिने मेजावरची फुलं बाजूला केली. मेजात, महाराजांनाच दिसेल अशा खाचेत, एक छोटा पडदा बसवलेला होता. वरच्या मजल्यावर फिरदोस तयारच होती. तिने कॅमेऱ्यापुढे टॉवेल धरला. छोट्या पडद्यावर तो लगेच दिसला. वैजयंतीने बोट उचललं. मोठ्या पडद्यावर टॉवेल त्यानंतर आला.

"मोठं चित्र मुद्दाम उशिरा सोडतात," ती म्हणाली. "महाराज खाली बघून बोटं हलवतात. यंत्र हलवणारे डॉक्टर वर हिरव्या पडद्याआड असतात."

मग तिने दोघांना वर नेलं. बजाबाईला त्या पेटीपाशी बसवून आत बघायला सांगितलं आणि आपण मागे जाऊन हात उंच केला.

"माझा हात दिसतोय?"

"न्हाय."

"काल डॉक्टर या पेटीत बघत होते, आणि थांबा सांगायला फिरदोसने असाच हात वर केला होता."

बजाबाईने पेटीतून डोकं काढलं आणि वळून त्या वर केलेल्या हाताकडे बघितलं. "म्हंजी कुणी नुसतं थांबा म्हनलं असतं, येळेवर," ती म्हणाली.

अभिमन्यू दाराशी उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं, काहीच खोटं म्हणता येत नव्हतं. "पटलं मॅडम," तो म्हणाला. "पण तुमी वरडला नसता तर?"

वैजयंतीला वाटलं, याला आता काय दाखवायचं राहिलं?

तिची नोकरी गेली. शिस्तभंग असं कारण दिलं. फिरदोसने आपण होऊन राजीनामा दिला. वैजयंतीने केलेल्या तक्रारीची चौकशी चालू आहे, असं सांगतात. व्हिडिओ लोकांनी पाहिला आणि त्यात महाराजांना आधीच कळल्याचा पुरावा सापडला म्हणून तो आणखी पसरवला. मेजावर आता फुलं जास्त असतात. भूल द्यायला नवा डॉक्टर आला आहे. तो फार शांत आहे म्हणून त्याची तारीफ होते.

बजाबाई मात्र अधूनमधून हॉस्पिटलच्या फाटकापाशी येते. आत जाणाऱ्या माणसांना सांगू बघते. ऑपरेशनला निघालेली माणसं पांढऱ्या कपाळाची बाई समोर आली म्हणून वळसा घालून जातात.

त्या वळसा घालणाऱ्यांना, आणि आपल्यालाही, सांगायचं एवढंच. यंत्र वाईट नाही, ते देवही नाही. त्याला चार हात आहेत, पण चुकत असेल तर चुकतंय म्हणणारी जीभ माणसालाच आहे. आपलं माणूस आत पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा: यंत्र कोण चालवणार आहे, आणि आत बोलायची मुभा आहे का? जिथे प्रश्न विचारला म्हणून चमत्कार मोडतो, तिथून आपलं माणूस घेऊन उठा. तिप्पण्णाच्या घरी हे कुणी सांगितलं नव्हतं.