दहापैकी नऊ प्रश्न

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता अर्थशास्त्राच्या वर्गात चार विद्यार्थी होते. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे एकशे चाळीस.

चौघांपैकी दोघे झोपले होते. सरांनी तास आवरता घेतला आणि ते स्वतःही त्या गर्दीत शिरले. दुकानदाराला पोरं कागदबाबा म्हणत. बाबांनी डोळे मिटून कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर पंजा ठेवला.

"येतंय... येतंय... बुटांचा कारखाना दिसतोय! रोज आठशे जोडे! लिहा रे, प्रश्न चौथा!"

"बाबा, पाचवा?"

"ढकलू नका. पाचवा जरा धूसर आहे."

 तो कारखाना सरांनी आदल्याच दिवशी पेपरात घालून कपाटाला कुलूप लावलं होतं. सलग तीन वर्षं बाबांचे दहापैकी नऊ प्रश्न बरोबर येत होते. आता पेपरफुटीची चौकशी लागली होती आणि पेपर काढणारे सर एकटेच. म्हणजे एकतर सर चोर, नाहीतर बाबा अंतर्ज्ञानी. जन्मभर तर्क शिकवलेल्या सरांनी निमूटपणे दुसरा पर्याय निवडला. चौकशी समितीसाठी निवेदनही तयार होतं: 'सदर गृहस्थांस दिव्यदृष्टी असावी.'

सोबत जोडायला जुने पेपर हवेत म्हणून ते ग्रंथालयात गेले. ग्रंथपालबाईंनी बांधीव गठ्ठा काढला. त्याच्या कार्डावर दरवर्षी एकच सही होती, दुकानदाराची.

"हा इथे सभासद कसा?"

"माजी विद्यार्थी आहे. तुमचाच. दोनदा नापास झाला, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं असणार." बाईंनी टेबलावर बारा पेपर मांडले. "सर, तुमच्याकडे दोनच पेपर आहेत. एक या वर्षी, दुसरा पुढच्या. कारखाना सहादा आला, जोडे दर वेळी आठशेच. कामगार म्हातारे झाले असतील हो."

"मग त्याचा एक प्रश्न चुकतो कसा?"

"मुद्दाम चुकवतो. सगळेच बरोबर आले तर संशय येईल ना!"

"म्हणजे माझ्या पेपरावर माझ्यापेक्षा तो जास्त विचार करतो."

"मी काही बोलले नाही," बाई म्हणाल्या.

सरांनी निवेदन फाडलं. ते परत दुकानापाशी आले, तिथल्या स्टुलावर चढले आणि त्यांनी जुने पेपर उंच धरले. "हे बघा, याची दिव्यदृष्टी! चमत्कार बाबांचा नाही, माझ्या आळसाचा आहे. कुणी गुपित सांगायला लागला, तर हात जोडण्याआधी विचारा, तुला कसं कळलं? मी विचारलं नाही. निदान तुम्ही तरी विचारा."

"सर, मग या वर्षी काय येणार?"

"नवीन. मलाही अजून माहीत नाही."

"आमचं वर्ष घालवणार तुम्ही!"

"वर्गात आला असतात तर..."

"आलो होतो सर, पहिला आठवडा. तुम्ही वहीतून वाचून दाखवत होता. ती वही बाबांकडे मिळते."

सर स्टुलावरून उतरले.

चौकशी समितीला त्यांनी सगळं खरं लिहून दिलं. त्यांना ठेवायचं की काढायचं, हे समितीने अजून कळवलेलं नाही. आज अकरा वाजता नवा पेपर वाटला गेला. साडेअकरापर्यंत सत्तावीस जण कोऱ्या उत्तरपत्रिका देऊन निघून गेले. एकशे सतरा अजून बसून आहेत.