धारेसाठी लुगडं

बहिरीच्या धारेवर जायची कल्पना मुळात कुसुमची. नवऱ्याचा मित्र मारुतराव हल्ली ती स्वतःची म्हणून सांगत फिरत होता, ते सोडा. सासूच्या माहेरी, मावळात, लग्नाला गेली असताना कुसुमनं ती खडकाची धार पाहिली होती. गावामागच्या डोंगरावरून निघून थेट पलीकडच्या डोंगराला टेकलेली, आणि मधे इतकी अरुंद की शेळीनंही विचार करावा. तेव्हापासून चिंचवडच्या शाळेत मुलींकडून पाढे म्हणवून घेतानाही तिच्या डोक्यात तेच. एकदा त्या धारेवरून पलीकडे जायचं.

मात्र त्याला दिवस थोडे असतात. कार्तिकापर्यंत कडेचं गवत माणसाला फसवतं. जमीन समजून पाय टाकावा तर खाली काहीच नसतं. मार्गशीर्षात गवत कापलं की वाट उघडी पडते, आणि होळी जवळ आली की कड्यावरचं आग्या मोहोळ कोणाला फिरकू देत नाही. म्हणजे राहिले पौष आणि माघ. नवरा लक्ष्मणराव हो म्हणाला, त्याच्याच पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातला मारुतराव हो म्हणाला, आणि तिथंच घोडं अडलं. मारुतरावाला कुठलीही गोष्ट बैठकीशिवाय करता येत नसे.

थेरगावातल्या लक्ष्मणरावाच्या ओटीवर दर रविवारी बैठक बसायची. चहा कुसुमचा. एकदा दोघांच्या पाळ्या जुळेनात, एकदा अमावास्या निघाली, एकदा विहिरीचा दोर पुरेल का यावरच दुपार गेली. कुसुम आतून उत्तर द्यायची. मारुतराव न ऐकल्यासारखं करायचा आणि थोड्या वेळानं तेच उत्तर स्वतःच्या तोंडानं द्यायचा. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. सगळा पौष असाच वाया गेला.

शेवटी माघातला एक रविवार ठरला. लगेच मारुतरावानं जाहीर केलं की वहिनींनी पायथ्याच्या देवळात थांबावं, म्हणजे उतरल्यावर गरम पिठलं-भाकरी मिळेल.

"मी पिठलं करायला येत नाहीये," कुसुम बाहेर येऊन म्हणाली.

मारुतरावाची चुळबुळ झाली. मग नजर चुकवत त्यानं सांगितलं, की धारेच्या मध्यावर उभं राहताच येत नाही. घोड्यावर बसतात तसं बसून, एक पाय या दरीत आणि एक त्या दरीत सोडून, पुढे सरकावं लागतं.

"पाचवारी साडीत तुम्ही कशा बसणार, वहिनी?"

एवढ्या बैठकांत मारुतराव पहिल्यांदाच खरं बोलला होता, आणि तिला चीड आली ती त्याचीच. ह्यांचा लेंगा घालते, असं ती म्हणाली, तर लक्ष्मणरावानं कपबशी खाली ठेवून आधी आईनं ऐकलं का ते पाहिलं.

राहिलं लुगडं. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की बायका झाडावरसुद्धा चढतात. पण याच लुगड्यावरून तिनं सासूशी, सोजराबाईंशी, उभा दावा मांडला होता. मी शिकलेली, शाळेत शिकवणारी, आता काळ बदललाय, असं ऐकवून ती पाचवारी नेसायला लागली होती आणि आपली होती नव्हती ती लुगडी बोहारणीला देऊन भांडी घेतली होती. तेव्हापासून सोजराबाई तिच्याशी कामापुरतंच बोलत. आता त्यांच्यापुढेच हात पसरायचा होता. आठवडाभर तिनं टाळलं. मारुतरावावर चिडून झालं, स्वतःवर चिडून झालं, त्या बिचाऱ्या बोहारणीवरही चिडून झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी होती, तेव्हा कुठे शनिवारी संध्याकाळी ती सासूपुढे जाऊन उभी राहिली. सोजराबाई तांदूळ निवडत होत्या.

"आत्याबाई, एक लुगडं द्याल? धारेवर जायला."

आता टोमणा येणार म्हणून ती मान खाली घालून थांबली. सोजराबाई उठल्या, त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं काढलं. कुसुमला अवघडल्यासारखं झालं. एखादं जुनं द्या, असं ती म्हणाली. दगडावरून सरकत जायचंय, एवढं चांगलं लुगडं फाटेल.

"माजी आई बी ह्येच म्हनायची," सोजराबाई म्हणाल्या. "भाऊ समदे धारंवर जायचे. मी निगाले की म्हनायची, लुगडं फाटंल, बस घरी. मंग बसले."

त्यांनी लुगडं सुनेच्या हातात दिलं आणि ट्रंक लावून टाकली.

"तू फाडूनच आन."