रक्त उशिरा पोचतं तेव्हा

आमची आई बावन्नाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. तिच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या काटवाइक गावात अशी काही घराणी आहेत. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा हा आजार आईबापाकडून मुलांत उतरतो, कुणाला गाठतो, कुणाला सोडतो. मी आणि माझा थोरला भाऊ वाउटर, दोघांनीही त्याची जनुकीय तपासणी करून घेतली नव्हती.

लायडनच्या रुग्णालयातल्या संशोधकांना माणसं हवी होती, म्हणून मी नाव दिलं. ते फक्त मेंदूतलं रक्त कसं वाहतं ते बघणार होते. आजार आहे की नाही, हे सांगणार नव्हते. वाउटर मला गाडीने सोडायला आला. तो मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.

"स्वतःहून कशाला त्या नळकांड्यात शिरतेस?" तो वाटेत म्हणाला.

"बघायचंय मला."

"डोक्यात भुसा आहे, ते मी घरबसल्या सांगितलं असतं."

एमआरआयच्या यंत्रात निजले. डोळ्यांसमोर काळेपांढरे चौकोन लुकलुकायचे, मग अंधार, मग पुन्हा चौकोन. बाहेर आले तर वाउटर संशोधक एल्स्केबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेला. पडद्यावर दोन रेघा.

"ह्या तुझ्या नाहीत," तो घाईने म्हणाला. "बऱ्याच लोकांची सरासरी आहे."

बाई सांगत होत्या, डोळ्यांना काम मिळालं की डोक्याच्या मागच्या भागाकडे रक्त धावतं. निरोगी माणसाची रेघ झटकन चढते. ह्या आजारात ती सावकाश चढते, आणि कमी.

"जुना रबरी पाइप असंच करतो. कडक होतो, फुगत नाही," वाउटर म्हणाला. "चौकोन बंद झाले की?"

"उतरायलाही वेळ लागतो."

"दाखवा."

तो पडद्यावर वाकला. आई गेल्यापासून ह्या माणसाने तिच्या आजाराचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"रेघ बिघडते ती रक्तस्रावाच्या आधी की नंतर?"

"आधीच, असं दिसतंय. किती आधी, तेच शोधतोय. त्यासाठी तीच माणसं पुन्हा पुन्हा यायला हवीत."

त्याने खुर्ची बाईंकडे वळवली. मग म्हणाला, "माझं डोकं चालेल? पण काय दिसलं ते मला सांगू नका."

"चालेल की. पण इंजिनांच्या कामात तुम्ही लोखंड घासता ना? आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू. एखादा कण अडकला असेल तर आतला चुंबक त्याला ओढेल."

दोन आठवड्यांनी तो आत निजला आणि मी काचेबाहेर बसले.

त्या हिवाळ्यात मी स्वतःची तपासणी करून घेतली. आजार माझ्यात आहे. वाउटरला सांगितलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि मला जवळ घेतलं. माझ्या कोटाला तेल लागलं. त्याने अजून स्वतःची तपासणी करून घेतलेली नाही.

दर वसंतात आम्ही दोघं लायडनला त्या यंत्रात निजायला जातो. यंदा त्याने बाईंना विचारलं, "रोज पळायला गेलं तर ही रेघ सुधारते का?"

"माहीत नाही."

"मग बघा ना. हिला मी उद्यापासून पळवतो."

"आणि तू?" मी म्हणाले.

"मी सायकलवरून मागे येतो."

बाई हसत हसत ते वहीत लिहून घेत होत्या.